रस्ता बांधू नका, आधी नावावर घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमचा रस्ता एका मेलेल्या माणसाच्या नावानं आहे. गंमत नाही करून राहिलो, सातबारा काढून पाहिला म्हणून सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, डांबरी रोडवरून आत वळलं की आमचं लेआउट लागते, ४६ घरं आहेत, घरटॅक्स सगळे भरतात, आणि या घरांच्या मधातून जो २८० मीटर लांब नि ९ मीटर रुंद रस्ता गेला आहे तो अजून ज्या शेतकऱ्याचं तिथं वावर होतं त्याच्याच नावावर आहे. ते जाऊन बारा वर्षं झाली. म्हणजे आम्ही रोज सकाळी उठून एका स्वर्गवासी माणसाच्या वावरातून दूध आणायले जातो, आणि पोट्टे त्याच वावरातून शाळेत जातात.

मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. नवरात्रात माहूरच्या घाटात भरलेली गाडी काढली, झडीत नाल्याच्या पुलावरून पाणी जाऊन राहिलं तर पॅसेंजरच्या शिव्या खाऊन दोन-दोन तास गाडी उभी ठेवली, पण धोका नाही घेतला. तोच मी आता पावसाळ्यात स्वतःच्या घरापर्यंत फटफटी नेऊ शकत नाही. रोडवर एका किराणा दुकानासमोर लावतो आणि चप्पल हातात घेऊन घरी जातो. दुकानदार भला माणूस आहे, काही म्हणत नाही, पण त्याच्या समोर आमच्या लेआउटच्या पंधरा-वीस गाड्या रोज उभ्या राहतात, तो तरी किती दिवस चालवून घेईल.

बाहेरच्यांना वाटते चिखल म्हणजे चिखल, त्यात काय एवढं. आमची काळी माती पाहिली नाही म्हणून वाटते. उन्हाळ्यात तिला पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून लोण्यासारखी होते, कपाशीले चांगली, रस्त्याले वैरी. वरून मुरूम टाकला की ती खालून गिळते. हे आम्ही पैसे देऊन शिकलो. तीन वर्षांआधी घरटी १,५०० रुपये वर्गणी केली, ४६ घरांचे ६९,००० झाले (दोघांनी दोन हप्त्यांत दिले, पण दिले), त्यात मुरमाचे सोळा टिप्पर आणले, जेसीबी लावला, नाल्याच्या जागी सिमेंटचे पाईप टाकले. उन्हाळ्यात असा मस्त रस्ता दिसत होता की लोक संध्याकाळी फिरायले निघाले. जुलैची पहिली झड लागली, चार दिवस सूर्य दिसला नाही, आणि पाचव्या दिवशी मुरूम खाली अन् काळी माती वर. मग एक ओळखीचे जुने मिस्त्री म्हणाले, अरे बापू, आधी काळी माती खोदून काढा लागते, मग बोल्डर, मग गिट्टी, मग मुरूम, रोलर फिरवा लागते, आणि दोन्ही बाजूनं नाली पाहिजे, पाणी निघालंच नाही तर सिमेंटचा रस्ताही टिकणार नाही. हे वर्गणीचं काम नाही, हे लाखांचं काम आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकू बाथरूमात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. १०८ ला फोन लावला, अॅम्ब्युलन्स अर्ध्या तासात आली, पण रोडवर थांबली, ड्रायव्हर म्हणे गाडी फसली तर पुढच्या पेशंटचं काय, आणि त्याचं बरोबर होतं, मी पण ड्रायव्हर आहे, मी पण नसती टाकली. चार जणांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून काकूंना टोंगळ्याएवढ्या चिखलातून नेलं. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, फक्त खुर्चीचा हात धरून होत्या. आणि तान्ह्या पोळ्याचं तर काय सांगू. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोट्टे लाकडाचे नंदी दोरीनं ओढत नेतात, नंदीला चाकं असतात. आमच्या लेआउटचे पोट्टे नंदी काखेत घेऊन गेले. एक लहानसा पोट्टा रडत होता की माझा बैल चालतच नाही.

आता मुद्द्यावर येतो, हा रस्ता असा कसा राहिला. हे फक्त आमच्या गावचं नाही, विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, गावाला लागून जी वावरं होती तिथं हेच झालं आहे. लेआउटवाला येते, शेतकऱ्याला इसार देते, त्याच्याकडून आममुखत्यारपत्र घेते, एनए म्हणजे वावराची बिनशेती परवानगी करून आणते, नकाशा मंजूर करते, चुन्याच्या रेघा मारते, कोपऱ्यावर दगड गाडते आणि प्लॉट किस्तीवर विकते. पिवळ्या कागदावर छापलेलं असते, रोड, नाली, लाईन, बगीचा. आमच्या वेळी लाईनचे पोल आले, मुरमाचा एक थर आला, बगीच्याच्या जागी एक लोखंडी पाटी आली. मग प्लॉट संपले आणि साहेबांनी गावाच्या दुसऱ्या बाजूला नवीन लेआउट टाकलं. आम्ही प्लॉटची रजिस्ट्री केली, फेरफार केला म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवलं, प्रत्येकाच्या प्लॉटचा सातबारा वेगळा झाला, सगळे खुश. पण रस्त्याची आणि मोकळ्या जागेची रजिस्ट्री कोणी करते काय? ती जमीन मागे राहून गेली, मूळ मालकाच्या नावानं. आमच्या इथं ती ०.४० हेक्टर आहे, म्हणजे जवळपास एक एकर.

एनएच्या ऑर्डरची नक्कल मी काढली आहे. त्यात साफ लिहिलं आहे की लेआउटधारकानं रस्ता, नाली करून द्यावी आणि मग ते ग्रामपंचायतीकडे विनामूल्य सोपवावं. अट लिहिली, सही झाली, फाईल कपाटात गेली. अट पाळली की नाही हे पाहायले कोणी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही पण विचारलं नाही. पंचवीस वर्षांआधी आमच्यासारख्या नोकरीवाल्याला स्वतःचा प्लॉट होऊन राहिला हीच मोठी गोष्ट होती, सातबाऱ्यावर रस्ता कोणाच्या नावानं आहे हे पाहायची अक्कल नव्हती. आज नवीन लेआउटला रेरा म्हणजे प्लॉट-घरं विकणाऱ्यांसाठीचा कायदा आहे, १ मे २०१७ पासून, रस्ते नि मोकळ्या जागा सोपवायची जबाबदारी तिथं कायद्यातच आहे. आमचं त्याच्या कितीतरी आधीचं.

मग सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. आम्हाला वाटलं आता शहर झालो, आता होईल. घरटॅक्स वाढला हे मात्र लगेच झालं, पावतीत वृक्षकर आहे, शिक्षणकर आहे. झाड एक नाही लावलं तो भाग वेगळा. रस्त्याचा अर्ज घेऊन गेलो तर सांगितलं, हा रस्ता खाजगी आहे, आमच्याकडे हस्तांतरित नाही, खाजगी जागेवर सरकारी निधी खर्च करता येत नाही. बरोबर आहे, नियम आहे. म्हटलं मग घ्या ताब्यात. तर म्हणाले मालकानं लिहून द्यावं लागते. मालक म्हणजे सातबाऱ्यावरचा, तो तर गेला. तहसीलमध्ये गेलो, ते म्हणाले नगरपंचायतीचं ताबापत्र आणा, आम्ही फेरफार घेतो. नगरपंचायत म्हणते आधी फेरफार दाखवा. लेआउटवाल्याला फोन केला, त्याचा मुलगा आता धंदा पाहते, तो म्हणे काका ते पप्पांच्या वेळचं आहे. मधात तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, सगळ्यांची नावं बदलून राहिली, एका आमच्या रस्त्याचं तेवढं बदलत नाही.

आता हे पत्र आजच काहून लिहितो ते सांगतो. मूळ मालकाच्या एका मुलानं वारसान फेरफारासाठी अर्ज केला आहे, त्या एक एकरावर. नोटीस निघाली, पंधरा दिवसांत आक्षेप द्यायचा असते, आम्ही ४६ जणांच्या सह्यांनी दिला. तो पोरगा वाईट नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याच्या बापाची एक एकर जमीन त्याला सातबाऱ्यावर दिसून राहिली, गावाला लागून, आजच्या भावानं, तो काहून सोडेल? त्यानं मागच्या टोकाला धुऱ्यावर दगड टाकले, काटेरी तार लावली आणि तिथल्या दोन घरवाल्यांना म्हणाला की नळाची पाईपलाईन आमच्या जागेतून न्यायची असेल तर आमच्याशी बोला. उद्या त्याचं नाव चढलं आणि त्यानं ते कोणाला विकलं तर? गिऱ्हाईक बाहेरचं असलं तर त्याला कसं कळणार की हे कागदावरचं वावर म्हणजे कोणाचं तरी अंगण आहे?

वकील साहेबांना विचारलं. ते म्हणाले तुम्ही मंजूर नकाशा पाहून प्लॉट घेतले, त्या नकाशात रस्ता आहे, वापरायचा हक्क तुमच्याकडून कोणी काढू शकत नाही, दिवाणी दावा टाका. ठीक आहे, दावा टाकू, तारखा खाऊ, माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत निकाल येईल. पण वापरायचा हक्क मिळून नाली कोण बांधणार? चिखल वापरायचा हक्क तर आज पण आहे.

म्हणून मी जुने कागद शोधत बसलो, रिटायर माणसाला दुसरं काम काय. माहितीच्या अधिकारात जुन्या ग्रामपंचायतीचं दप्तर मागितलं. ग्रामपंचायतीत नमुना २३ म्हणून एक रजिस्टर असते, गावाच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद त्यात ठेवतात. पहिल्यांदा उत्तर आलं की दप्तर आढळून येत नाही. अपील केलं. मग ते आढळून आलं, एका लोखंडी कपाटात, वाळवीनं कोपरा खाल्लेलं. आणि संपादक साहेब, त्यात आमच्या लेआउटच्या रस्त्याची एक ओळ आहे! नाव आहे, कुठून कुठपर्यंत ते आहे, आणि लांबीचा रकाना कोरा. ज्यानं कोणी लिहिलं त्याला टेप नेऊन मोजायचा कंटाळा आला असेल, किंवा जेवायची सुट्टी झाली असेल, देव जाणे. पण ओळ आहे. म्हणजे ग्रामपंचायतीनं हा रस्ता आपला मानला होता, आणि ग्रामपंचायतीचं जे होतं ते नगरपंचायतीकडे आलं. त्याच दप्तरात आणखी एक नोंद सापडली, एका वर्षी सरपंचांनी पोळ्याच्या आधी आमच्या रस्त्यावर चार ट्रॉली मुरूम टाकला होता त्याचं बिल. सरकारी पैसा. तेव्हा खाजगी नव्हता काय रस्ता?

१९६५ चा जो नगरपरिषदांचा कायदा आहे, जो नगरपंचायतीलाही लागतो, त्यात खाजगी रस्ता वेगळा नि सार्वजनिक रस्ता वेगळा सांगितला आहे, आणि खाजगी रस्त्यावर नोटीस लावून, मालकाचे आक्षेप ऐकून तो सार्वजनिक जाहीर करायची वाट पण त्यात दिली आहे. मी वकील नाही, पण अर्जात हे लिहिलं तेव्हा बाबूंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

दुसरी बाजू पण आहे, ती न सांगणं बरोबर नाही. इंजिनिअर साहेब मला चहा पाजून खाजगीत म्हणाले की तुमचा रस्ता घेतला तर उद्या गावातले बाकीचे सगळे लेआउटवाले लोक दारात उभे राहतील, आणि ज्यानं प्लॉट विकून पैसे कमावले तो मोकळा सुटेल, त्याचं काम आम्ही जनतेच्या पैशातून करायचं. हे मला पटते. पण मग त्याची वसुली त्याच्याकडून करा ना, त्याच्या नवीन लेआउटची मंजुरी तुमच्याच हातात आहे, जुन्याची अट पुरी कर मग नव्याचं पाहू असं एकदा म्हणून तर पाहा. त्याचं काम झालं नाही म्हणून शिक्षा आम्हाला काहून? टॅक्स आम्ही भरतो, तो नागपूरला राहते.

आणि एक गोष्ट डोकं फिरवते. आमच्या बाजूलाच एक लेआउट आहे, बिना एनएचं, वावराचे सरळ गुंठे पाडून विकलेलं. त्यांच्यासाठी गुंठेवारीचा कायदा आहे, २००१ चा, आधी तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना होता, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. नागपुरात ५७२ नि १९०० लेआउट म्हणून जे प्रकरण इतकी वर्षं पेपरात वाचतो ते याच कायद्यातलं. ते लोक शुल्क भरून नियमित होतात, त्या पैशातून तिथंच सोयी करायच्या असतात. त्यांचं भलं होवो, गरीब लोक आहे, माझा साळा तिथंच राहते. पण आम्ही एनए घेतलं, मंजूर नकाशावर घर बांधलं, म्हणून आम्ही त्या योजनेत बसत नाही. साळा मला म्हणते, भाऊजी, तुम्ही नियमानं गेले, तिथंच चुकले.

वावराच्या रस्त्यांचं पाहा. शेतरस्ता कोणी अडवला तर तहसीलदार १९०६ च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्यानं तो मोकळा करून देतात, इंग्रजांच्या काळापासून आहे. पांदण रस्त्यासाठी मातोश्री योजना आहे. आणि मे २०२५ मध्ये तर सरकारनं ठरवलं की शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात घ्यायची, म्हणजे मालक बदलला तरी रस्ता कागदावर दिसला पाहिजे. चांगला निर्णय आहे, माझं पण तीन एकर वावर आहे, मला फायदाच आहे. पण माझ्या वावराच्या बंडीरस्त्याची नोंद होऊ शकते तर ४६ घरांच्या रस्त्याची काहून नाही? निदान तेवढी ओळ तरी आज लिहा, की या ०.४० हेक्टरवर मंजूर लेआउटचा रस्ता नि मोकळी जागा आहे. मग वारसाचं नाव चढलं तरी घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर राहील.

आम्ही पण धुतल्या तांदळाचे नाही. रस्ता ९ मीटर मंजूर आहे, आज जागेवर मोजला तर कुठं सात भरते, कुठं साडेसहा. कोणी गेटसमोर रॅम्प केला, कोणी संडासची टाकी बाहेर काढली, एकानं तर कंपाउंडच चार फूट सरकवलं आणि वर म्हणते सगळ्यांनीच केलं. माझाही ओटा दोन फूट बाहेर आहे, संध्याकाळी बसायले बरं वाटते म्हणून बांधला होता. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळे छताकडे पाहायले लागले. शेवटी मीच म्हटलं की मोजणीत माझा ओटा रस्त्यात निघाला तर मी तोडतो, मग बाकीच्यांनी पण हो म्हटलं, दोघं सोडून. त्या दोघांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना पेपर वाचायची सवय आहे.

निवडणुकीत जे आले होते त्यांनी सिमेंटचा रस्ता देतो म्हणून नारळ फोडायची तारीख पण सांगितली होती. आम्हाला नारळ नको. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला, तिथं पण आधी जमीन नावावर घेतली मग रोलर फिरला ना. आमचं पण तसंच करा. पहिल्यांदा नोटीस लावा, सभेत ठराव घ्या, ताबा घ्या, सातबाऱ्यावर नगरपंचायतीचं नाव चढवा. रस्ता पुढच्या वर्षी झाला तरी चालेल, त्याच्या पुढच्या वर्षी झाला तरी आम्ही आणखी एक पावसाळा चप्पल हातात घेऊन काढू, सवय आहे. नाली झाली तर आमचा घरटी वाटा द्यायची पण तयारी आहे, तसं अर्जात लिहून दिलं आहे.

अर्जासोबत एनएच्या ऑर्डरची नक्कल, मंजूर नकाशा, नमुना २३ चं पान, मुरमाच्या बिलाचा कागद आणि ४६ सह्या जोडल्या आहेत, पोच घेतली आहे. भूमी अभिलेखकडे मोजणीची फी आम्ही वर्गणीतूनच भरली, पावती माझ्याकडे आहे, तारीख मिळायची आहे. मोजणीवाले येतील त्या दिवशी नगरपंचायतीनं आपला एक माणूस पाठवावा, कोणीही चालेल, फक्त त्यानं समोर उभं राहून पंचनाम्यावर सही करावी. गाडी रोडवर किराणा दुकानासमोर लावायले सांगा, तिथून मी घेऊन येतो.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर एसटी ड्रायव्हर
(लेआउटमधल्या ४६ घरांच्या वतीनं)
जि. यवतमाळ